दुनळीवरची मात्रा

बंदुका दोन, नंबर एकच, आणि निवाडा दिवस मावळायच्या आत! करंजगडच्या गाढे सरकारांनी हुकूम सोडला आणि सगळा दरबार आपापल्या पायांकडे पाहू लागला.

खंडेनवमीची शस्त्रपूजा नुकतीच आटोपली होती. चौरंगावर सरकारांच्या आजोबांची विलायती दुनळी बंदूक होती आणि तिच्या शेजारी मुंबईचे बंदूकवाले चौबळ यांनी आणलेली दुसरी. हुबेहूब! तोच नंबर, तेच शिक्के, नळ्यांची लांबीही तीच.

"कारखान्याच्या दप्तराची नक्कल आणलीय, सरकार," चौबळ म्हणाले. "या नंबरची बंदूक एकच बनली. अस्सल ती माझ्याकडची, आपल्यालाच विकायला आणलीय. आपल्या शिलेखान्यातली कोणीतरी बदललीय."

'कोणीतरी' म्हणताना त्यांनी बाबालाल शिकलगाराकडे पाहिलं. शिलेखान्याच्या, म्हणजे शस्त्रांच्या कोठाराच्या, किल्ल्या त्याच्याच कमरेला असत, आणि त्याआधी त्याच्या बापाच्या.

"बाबालाल," सरकार म्हणाले, "तुझ्याकडची खरी असेल तर तसं सिद्ध करून दाखव. बार काढायचा नाही, एक स्क्रूही सैल करायचा नाही. जमलं नाही तर बिऱ्हाड वेशीबाहेर."

बाबालालला खूण चांगली ठाऊक होती. पंचाईत तीच होती. दुनळीच्या पोलादावर घराण्याचं बिरुद कोरलेलं होतं आणि आजोबासरकारांच्या हुकमाने त्यावर कुंकवाचा लेप असे. शिलेखान्याच्या चाकराने तो पुसायचा नाही आणि खाली काय आहे ते बोलायचं नाही. दर नवमीला वर आणखी एक बोट चढे. सरकारांना वाटे, आजोबा फार भाविक होते.

बाबालालची मुलगी जैतून मागे उभी होती, हातात तेलाचं फडकं धरून. लेपाखालचं गुपित बापाने तिला एकदा कानात सांगितलं होतं. खरं सांगावं तर सरकारांची अब्रू जाणार, न सांगावं तर अब्बांची. ती पुढे आली.

"सरकार, अब्बांना बोलायची बंदी हाय. म्या साहेबांना चार गोष्टी इचारू?"

"विचार."

"साहेब, बंदुकीवरचं बिरुद कुणी कोरलं?"

"विलायतेत, कारखान्यातल्या कारागिरानं. इथून पाठवलेल्या कागदावरून. दप्तरात तसं नमूद आहे."

"त्याला आपली अक्षरं वाचाया येत हुती?"

"छे! चित्र उतरवावं तशी उतरवली त्यानं."

"मग तुमच्या बंदुकीवरचं वाचून दावा की."

चौबळांनी घसा साफ केला. "श्रीमंत गाढेवंशभूषण!"

दरबार सुखावला. सरकारांनी मिशीवरून हात फिरवला.

"आता आमच्याकडच्या बंदुकीवरचं."

"त्यावर कुंकू आहे."

"पुसा."

पुरोहितांच्या हातातली पळी ताम्हणात पडली. "पोरी, आजोबांचा हुकूम आहे तो," सरकार गरजले.

"हुकूम शिलेखान्याच्या चाकरांना हाय, सरकार. साहेब कुठं चाकर हाईत?"

सरकारांनी या बोलण्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. "पुसा, चौबळ."

चौबळांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. लेप निघता निघेना. रुमाल कामातून गेला तेव्हा कुठे अक्षरं दिसली. ते एकेक लावून वाचू लागले. "श्रीमंत... गा... ढ... वं..." आणि थांबले.

"मोठ्यानं," सरकार म्हणाले.

"श्रीमंत गाढवं..."

दिवाणजी छताची तुळई निरखत राहिले.

"पुढं 'शभूषण' आहे, सरकार," चौबळ घाईघाईने म्हणाले. मग त्यांना धीर आला. "पाहिलंत? 'ढ'वरची मात्राच गाळलीय. कुण्या अडाण्यानं केलेली नक्कल ही!"

"सरकार," जैतून म्हणाली, "आपल्या मुलखातला कारागीर ही मात्रा इसरंल? इसरला तर त्याचं मुंडकं धडावर ऱ्हाईल? त्यो घास सोडंल, झोप सोडंल, पर ही मात्रा सोडायचा न्हाई. ही चूक कराया मराठीचा गंध नसलेला मानूसच पायजे. कागदावरची मात्रा त्याला शाईचा फराटा वाटली असंल. साहेबांच्या बंदुकीवर बघा, मात्रा कशी ठसठशीत हाय! ज्यानं ती घातली, त्याला बिरुद वाचाया येत हुतं."

चौबळांनी दप्तराची नक्कल हळूच घडी करून खिशात घातली. गेल्या हिवाळ्यात ते शिकारीला पाहुणे म्हणून आले होते, तेव्हाच त्यांनी नंबर आणि शिक्के टिपून नेले होते. बिरुद कुंकवाखाली असल्याने ते त्यांनी वाड्याच्या निमंत्रणपत्रिकेवरून घेतलं होतं. पत्रिकेत ते अर्थातच बिनचूक होतं.

सरकारांनी आजोबांची दुनळी उचलली. स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे दर नवमीला आम्ही या अक्षरांपुढं हात जोडून..."

"साष्टांगही घालता, सरकार," पुरोहित पुटपुटले.

आधी सरकारांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं आणि मग ते असे हसले की चौरंगावरच्या समया विझल्या. सरकार हसले म्हटल्यावर दरबारही हसला. दिवाणजी तर खांबाला धरून हसले.

डोळे पुसत सरकारांनी किल्ल्यांवर बाबालालचं नाव कायम केलं, ओढ्याकाठचं रान जैतूनला चोळीबांगडीसाठी दिलं आणि बिरुदावर ताजं कुंकू, जरा जाडच, लावायला सांगितलं.

चौबळ आपली बंदूक काखेत मारून दारापर्यंत पोचले होते. सरकारांनी त्यांना हाक मारली.

"चौबळ, तुमची मात्रा इथं चालली नाही!"