मुकी कपार

इथे उंडीच्या झाडाखाली बसा, आणि जरा हळू बोला.

गावातून येताना तुम्हांला कोणी वाट सांगितली नाही, कोळणीनेही नुसता हात केला. म्हणून तुम्ही विचारलंत, “बाबा, गावात सगळे मुके आहेत का?” नाही हो. एरवी आम्हांला भांडायला एक भाषा पुरत नाही. घरात पोर्तुगिजांकडून आलेली फिरंगी बोली, बाजारात मराठी. पण आज माझ्या नातीला, रेजिनाला, पहाटेपासून कळा येतायत. बाळ रडेपर्यंत गावात कोणी बोलायचं नाही. इथे वेशीबाहेर तेवढं चालतं.

समोर कोटाच्या पायथ्याला काळ्या कातळात फट दिसते ना, ती मुकी कपार. ओहोटीलाच आत जाता येतं.

कोट फिरंग्यांचा होता तेव्हाची गोष्ट. मराठ्यांच्या फौजेने वेढा घातला. आमचे लोक इथलेच, पण घरात फिरंगी बोलणारे. त्यामुळे मराठीत बोललं की कोटातले म्हणत, हा हेर. फिरंगीत बोललं की फौजेतले म्हणत, हा त्यांचा. शेवटच्या दिवशी दोन्हीकडची हत्यारबंद माणसं किनाऱ्यावर फिरू लागली, तेव्हा सगळं गाव त्या कपारीत शिरलं. वर पावलं वाजत होती, पण कोणाची ते कळेना. मग तोंड कुठल्या भाषेत उघडायचं? कोणी उघडलं नाही.

त्यांच्यात मार्ता नावाची दिवस भरलेली बाई होती. तिला तिथेच कळा सुरू झाल्या. आना सुईणीने तिच्या दातांत काथ्याचा पिळा दिला. दुखलं की माणूस घरच्या बोलीत आईला हाक मारतो. मार्ताने मारली नाही. पण बाळाला कोण सांगणार? भरती चढत होती, पाणी गुडघ्याला आलं होतं. असं सांगतात की त्या अंधारात प्रत्येकाने मनातल्या मनात एकच मागितलं, देवा, ते रडू नये.

आणि ते रडलं नाही.

आनाने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली. अंग थंड पडत चाललं. तेव्हा सगळ्यांना कळलं, आपण काय मागून बसलो ते. मार्ताचा सासरा दोमिंग पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि मोठ्याने म्हणाला, “आमचा आवाज घे, पण याला दे.” कुठल्या बोलीत म्हणाला, ते कोणाला आठवत नाही म्हणे.

बाळाने टाहो फोडला.

वरची पावलं थांबली. बायकांनी डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग कपारीच्या तोंडाशी कोणीतरी, लेकराला चुचकारतात तसं, जिभेने नुसतं चुक् चुक् केलं. आणि पावलं निघून गेली. तो कोणाकडचा होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आजही कोणत्या घरात कळा सुरू झाल्या की देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा बांधून ठेवतात. कोळीण पाटी घेऊन मुकाट्याने दारावरून जाते. नर्सबाईला काय ती बोलायची मुभा. बाळ रडलं की गाव दोन्ही भाषांत एकदम बोलायला लागतं, ते इथवर ऐकू येतं.

ऊन माथ्यावर आलं. थोडं गप्प बसा बाबांनो, मला ऐकू दे.