तरीपासून परतीची वाट

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठची की खाडीकाठची, हे आता मला नीट आठवत नाही. ज्यांनी सांगितली, त्यांना विचारायचं राहून गेलं. पाणी होतं, पाण्यावर तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी, चालायची आणि तरीच्या धक्क्यापासून वर गावाकडे चढाची पाऊलवाट होती, एवढं मात्र खरं धरून चाला.

त्या गावात ख्रिस्ताला मानणारी माणसं राहत. गाव लहान, त्यांचं देऊळ त्याहून लहान. देवळाचा एक पाळक होता. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मयत असो, त्याच्यावाचून गावाचं पान हलत नसे. त्याची बायको पूर्वीच देवाघरी गेली होती. घरात तो आणि एक कोंबडी.

मग गावातून माणसं जाऊ लागली. राजाने दूर समुद्रकाठी नवं बंदर बांधलं होतं. तिथे काम होतं, शाळा होत्या. कोणी पोटासाठी गेलं, कोणी मुलांसाठी, आणि कोणी नुसतं शेजारचं दार बंद झालं म्हणून गेलं.

निरोपाची गावाची एक रीत होती. निघालेल्या कुटुंबाला पाळकाने तरीपर्यंत पोचवायचं, धक्क्यावर प्रार्थना करायची, मग तर सुटायची. मागे राहणाऱ्यांनी निरोप द्यायचा तो आपापल्या उंबऱ्यातून. धक्क्यावर गेलेल्याचे पाय आज ना उद्या तरीकडेच वळतात, अशी लोकांना भीती होती. पाळकाला अशी भीती नसणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याच गावात एक म्हातारा सुतार होता. देवळातले सगळे बाक त्याच्या हातचे. हात सरळ, तोंड वाकडं. दर रविवारी उपासना संपली की तो पाळकाला दारात गाठायचा.

"पाळकसाहेब, आज उपदेश लांबला."

"थोडासाच लांबला, सुतारबाबा."

"थोडासा? माझी एक झोप पुरी झाली, दुसरी लागत होती."

पाळक हसायचा. अलीकडे मात्र तो हसेनासा झाला होता, आणि उपदेशही आखूड होत चालले होते. सुताराला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

एके दिवशी तरीचा नावाडी मोडकं वल्हं घेऊन सुताराकडे आला. वल्हं सांधेपर्यंत तो बोलत बसला.

"तुमच्या पाळकसाहेबांना बंदरातून बोलावणं येतंय बरं का. इथून गेलेल्यांनीच तिथे मोठं देऊळ बांधलंय. माझ्याकडे दर खेपेला निरोप देतात, या म्हणून. आता तर म्हणाले, पुढच्या खेपेला त्यांची जागा धरूनच ठेव."

"मग साहेब काय म्हणतात?"

"आधी नाही म्हणायचे. आता काहीच म्हणत नाहीत."

सुताराचा हात थांबला. त्याची बायको देवळामागच्या दफनभूमीत होती आणि तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी मनात धरून ठेवली होती. पाळक गेला तर आपल्याला मातीत कोण ठेवणार? आणि आज जे अजून जिवंत आहेत, त्यांना एकत्र कोण ठेवणार? बाकांवर आताच माणसांपेक्षा उन्हाचे कवडसे जास्त बसत होते.

त्याने ही बातमी गावभर केली. लोक चिंचेखाली जमले.

"देवळाला चुना लावू. त्यांना बरं वाटेल."

"चुन्याने काय होतंय? सत्कार करू!"

सत्कार सगळ्यांना पटला. सुताराने पाळकासाठी उंच पाठीची, नक्षीची खुर्ची केली. रविवारी पाळकाला तीत बसवलं, अंगावर शाल घातली. मंडळीतले सर्वांत वडील गृहस्थ बोलायला उभे राहिले.

"आमचे पाळक म्हणजे कातळ! सगळं गाव गेलं तरी ते हलायचे नाहीत!"

टाळ्या पडल्या. पाळक त्या उंच खुर्चीत न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरासारखा दिसत होता. तो उठला, "आभारी आहे," म्हणाला आणि बसला.

सुतार मागच्या बाकावरून बघत होता. खुर्ची सुबक झाली होती, पण बाकांपासून फार दूर पडली होती. घरी जाताना त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. कातळाला कोणी जेवलास का म्हणून विचारत नाही.

त्यानंतर सुताराच्याच घरात गाठोडी बांधली गेली. त्याची एकुलती लेक, जावई आणि नातू बंदराला निघाले. नावाड्याने पाळकाची जागा धरली होती, तीच ही खेप.

"आबा, तुम्हीही चला ना," लेक म्हणाली.

"आणि तुझ्या आईला इथे एकटी टाकू?"

निघायच्या वेळी सुताराने उंबऱ्यातून हात हलवला. पण पाळक त्या तिघांबरोबर उताराला लागलेला दिसताच त्याने पायांत वहाणा सरकवल्या.

शेजारीण ओरडली, "अहो, कुठे निघालात? रीत आहे आपली!"

"पाळकावर नजर ठेवायला!"

धक्क्यावर पाळकाने प्रार्थना केली. लेकीचं, जावयाचं, नातवाचं नाव घेऊन आशीर्वाद मागितला. तिघं तरीत बसली. नावाडी म्हणाला, "साहेब, तुमची जागा आहे. येताय?"

पाळकाचा एक पाय तरीत चढायच्या फळीवर होता.

सुतार तयारीने आला होता. कर्तव्य, देवाची सेवा, लोक काय म्हणतील, सगळे मुद्दे त्याने हत्यारांसारखे परजून आणले होते. पण तरीत बसलेल्या लेकीने डोळ्यांना पदर लावला, त्याने वळून त्या चढाच्या वाटेकडे पाहिलं, आणि त्याला एकही मुद्दा आठवेना.

"साहेब," तो म्हणाला, "जायचं तर जा. मी अडवत नाही. फक्त मला एकदा वर सोडा. मला ही वाट एकट्याने चढवणार नाही."

पाळक त्याच्याकडे वळला.

"मलाही चढवत नाही, बाबा. उतरताना माणसं बरोबर असतात. चढताना मी एकटा. त्या वळणावरच्या आंब्याखाली बसून राहतो. गावात शिरलं की पुन्हा कातळ व्हावं लागतं."

"कधी बोलला नाहीत ते?"

"धक्क्यापर्यंत कोण आलं होतं? कोणाला सांगणार?"

सुताराने नुसता हात पुढे केला. पाळकाने फळीवरचा पाय काढला आणि तो हात धरला. तर सुटली. दोघं ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले, मग चढू लागले.

आंब्याखाली ते टेकले. सुताराने विचारलं, "तुम्ही आम्हा सगळ्यांसाठी प्रार्थना करता. तुमच्यासाठी कोण करतं?"

पाळकाने नकारार्थी मान हलवली.

सुताराने डोक्याचं मुंडासं काढलं. "मला नीट येत नाही. तरी ऐका. हे प्रभू, हा माणूस बरा आहे. उपदेश लांबवतो, पण बरा आहे. याला भूक लागू दे, झोप येऊ दे. आमेन."

"फारच आखूड झाली," पाळक म्हणाला.

"शिका जरा," सुतार म्हणाला.

पुष्कळ दिवसांनी पाळक हसला.

तेव्हापासून रीत बदलली. कोणी निघालं की पाळकाबरोबर गावातलं एक माणूस धक्क्यावर जाई आणि त्याच्याबरोबर परत येई. ज्याची पाळी असेल, त्याच्याच घरी पाळक त्या दिवशी जेवे. हळूहळू लोकांनी त्याची बाकीची ओझीही वाटून घेतली. आजाऱ्याकडे बसायला कोणी जाई, रविवारी शास्त्रवाचन कोणी करी. नावाड्याने बंदरात निरोप पोचवला: पाळक येणार नाहीत, तुम्हीच अधूनमधून इकडे या, आणि आलात की वाट चढून वर या. काही जण आले. काही जण पुन्हा पुन्हा येत राहिले.

जाणारे थांबले नाहीत, हे सांगायलाच हवं. पण देवळाला कुलूप लागलं नाही. उंच खुर्ची पाळकाच्या पडवीत गेली आणि कोंबडी तीत अंडी घालू लागली. सुतार गेला तेव्हा पाळकानेच त्याला बायकोशेजारी मातीत ठेवलं. त्या दिवशीचा उपदेश अगदी आखूड होता.

बोध इतकाच: जो सगळ्यांना पोचवायला जातो, त्याच्याबरोबर परत यायला कोणीतरी जावं.

नदी की खाडी, ही शंका मात्र मला बरीच वर्षं सोडत नव्हती. शेवटी विचारत विचारत त्या गावी गेलो. नदीच आहे. तर केव्हाच बंद पडली. काठाकडे उतरणाऱ्या बाकीच्या वाटा एका पावलापुरत्या आहेत. धक्क्यापासून देवळाकडे चढणारी तेवढी दोन माणसं शेजारीशेजारी चालतील इतकी रुंद आहे.