टिवलीचं अंडं आणि सालईआजी

एक होता माळ. उघडाबोडका माळ. दगडच दगड. काटेच काटे.

माळावर पाऊस रुसला होता. या वर्षी आला नाही. गेल्या वर्षी आला नाही. त्याच्या आधीही नाही. एवढं का कुणी रुसतं? पण रुसला खरा.

आधी आवळी वाळली. मग बेल वाळला. मग धावडाही वाळला. उरलं कोण? एक हिवर. एक म्हातारी सालई. आणि चार बोरी. बोरी फार काटेरी. कुणाशी बोलायच्या नाहीत.

हिवराच्या फांदीला एक घरटं लोंबत होतं. इवलंसं. आंब्याएवढं. ते टिवलीचं घरटं. टिवली म्हणजे शिंजीर पाखरू. अंगठ्याएवढं!

घरट्यात दोन अंडी. टिवली खूश. दिवसभर गायची, चिविट चिविट, चिविट चिविट.

एके दिवशी हिवराचं शेवटचं पान गळलं. टप्!

सावली गेली. ऊन आलं. चर्र चर्र, चर्र चर्र.

एक अंडं गप्प झालं. टिवलीनं कान लावला. "बाळा?" अंडं बोललं नाही. पुन्हा कान लावला. "बाळा, ए बाळा?" नाही बोललं.

टिवली रडली. खूप खूप रडली.

मग तिनं दुसऱ्या अंड्याला कान लावला. टुक टुक. टुक टुक. हे जागं होतं! टिवलीनं डोळे पुसले. "याला नाही हं मी जाऊ देणार," ती म्हणाली.

टिवली हिवराला म्हणाली,

"माझं अंडं उन्हात!
हिवरदादा, हिवरदादा, पान धर!"

हिवर म्हणाला, "नाही गं टिवली, जमत नाही. मुळी पाणी ओढेना. पाण्याशिवाय पान कसं धरू? मुळीनं पाणी ओढलं, तर मी पान धरीन."

भुर् भुर् भुर्, टिवली निघाली.

जमिनीला पडली होती भेग. भेगेत होती मुळी. वाळकी, सुरकुतलेली. मुळी म्हणाली, "का गं टिवली, का रडतेस?"

"माझं अंडं उन्हात!
हिवर पान धरेना.
मुळीताई, मुळीताई, पाणी ओढ!"

मुळी म्हणाली, "नाही गं टिवली, जमत नाही. माझे हात आखूड. ओल राहिली लांब. आळंबी ओल आणेना. आळंबीनं ओल आणली, तर मी पाणी ओढीन."

भुर् भुर् भुर्, टिवली निघाली.

भेगेत आणखी आत. अंधार अंधार. तिथं आळंबीकाकू राहायची. तिच्या छत्र्या तुम्ही पाहिल्या असतील. पण खरी आळंबीकाकू मातीच्या आत. पांढरी पांढरी, दोऱ्यासारखी. मुळीच्या बोटात बोट घालून बसलेली. आळंबी म्हणाली, "का गं टिवली, का रडतेस?"

"माझं अंडं उन्हात!
हिवर पान धरेना,
मुळी पाणी ओढेना.
आळंबीकाकू, आळंबीकाकू, ओल आण!"

आळंबी म्हणाली, "नाही गं टिवली, जमत नाही. माती झाली दगड. माझा दोरा शिरणार कुठून? वाळवी माती खणेना. वाळवीनं माती खणली, तर मी ओल आणीन."

भुर् भुर् भुर्, टिवली निघाली.

वाळवीचं होतं वारूळ. तांबडं तांबडं, उंच उंच. वाळवीला सगळे घाबरतात. दार खाते, खिडकी खाते, कपाट खाते! टिवलीलाही भीती वाटत होती. पण घाबरायला वेळ कुठे होता? वाळवी म्हणाली, "का गं टिवली, का रडतेस?"

"माझं अंडं उन्हात!
हिवर पान धरेना,
मुळी पाणी ओढेना,
आळंबी ओल आणेना.
वाळवीमावशी, वाळवीमावशी, माती खण!"

वाळवी म्हणाली, "नाही गं टिवली, जमत नाही. पोटात काही नाही. उपाशीपोटी कशी खणू? आम्हाला लागतं पडलेलं लाकूड. माळ बघ कसा लख्ख! एक काडी पडलेली नाही. सालईचं लाकूड मऊ मऊ. पण सालई पडेना. सालई पडली, तर मी माती खणीन."

भुर् भुर् भुर्, टिवली निघाली.

सालईआजी फार म्हातारी. अंगावर कागदासारखी साल. वारा आला, की फर फर, फर फर. जवळ गेलं, की धुपासारखा वास. आणि कान लावला तर आतून आवाज. कुरतुम कुरतुम. कुरतुम कुरतुम. सालई म्हणाली, "का गं टिवली, का रडतेस?"

"माझं अंडं उन्हात!
हिवर पान धरेना,
मुळी पाणी ओढेना,
आळंबी ओल आणेना,
वाळवी माती खणेना.
सालईआजी, सालईआजी, खाली पड!"

असं म्हणाली टिवली. आपण काय मागतोय, तिला कळलंच नाही. लहानच ना ती! आपल्याला कळलं. पण आपण आत्ता बोलायचं नाही.

सालईनं आपली साल सावरली. मग म्हणाली, "नाही गं टिवली, जमत नाही. इथल्या गावाची एक रीत आहे. उभं झाड तोडायचं नाही. पडलेलं लाकूड सोडायचं नाही. चांगली रीत आहे. म्हणून तर मी एवढी म्हातारी झाले. पण मी पडले, की गावातली कौसा लाकडं न्यायला येणार. तुकडे करणार. चुलीत घालणार. माझी होणार राख. मग वाळवीला काय उरेल? कौसानं लाकूड सोडलं, तर मी पडेन."

भुर् भुर् भुर्, टिवली निघाली.

कौसाबाई माळावरच होती. हातात कोयता. डोक्यावर मोळी. एवढीशी मोळी. मिळतच नव्हतं काही. आणि पाठीला बांधलेली तान्ही शेवंता. शेवंताचं नाक उन्हानं लाल लाल. कौसा म्हणाली, "का गं बाय, का रडतीस?"

"माझं अंडं उन्हात!
हिवर पान धरेना,
मुळी पाणी ओढेना,
आळंबी ओल आणेना,
वाळवी माती खणेना,
सालई खाली पडेना.
कौसाबाई, कौसाबाई, लाकूड सोड!"

कौसा म्हणाली, "न्हाई गं बाय, जमत न्हाई. लाकूड सोडू, आन् चूल कशानं पेटवू? शेवंताला पेज कशावर शिजवू? उभ्या झाडाला मी हात लावत न्हाई. पडल्यालं तेवढं नेते. पडल्यालं लाकूड कुणाच्या काय कामाचं?"

आता टिवली कुठे जाणार? पुढे कुणीच नव्हतं. भुर् नाही. भुर् भुर् नाही. टिवली कौसाच्या मोळीवर बसली. चोच मिटून बसली.

मग हळूच म्हणाली, "बघायला तरी ये."

कौसा आली. मोळी खाली ठेवली. घरट्यात डोकावली. "अगं बाय! एवढंसं?"

कौसानं घरट्यावर हात धरला. हाताची सावली पडली. कौसानं कान लावला. टुक टुक. टुक टुक. कौसा हसली. शेवंतानंही पाठीवरून हात पुढे केला. तिच्या हाताची सावली केवढी? बोराएवढी!

थोडा वेळ गेला. कौसाचा हात दुखला. दुसरा हात धरला. तोही दुखला.

"माझा हात किती येळ पुरणार गं?" कौसा म्हणाली. तिनं माळाकडे पाहिलं. लख्ख माळ. काडी नाही, काटकी नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमीच की गं झाडून नेला समदा. मला वाटायचं, पडल्यालं लाकूड कुणाचंच नसतंय."

"मग?" टिवली म्हणाली.

"मग काय! सोडलं लाकूड. पडू दे सालईला. मी कोयता लावायची न्हाई. गावातल्या बायांनाबी सांगते. चूल एकाच येळंला पेटवू. दुसऱ्या येळंला शिळी भाकर."

भुर् भुर् भुर्, भुर् भुर् भुर्, टिवली निघाली. आनंदात निघाली. मागे कौसानं अंड्यावर हात धरला.

"आजी, आजी! कौसानं लाकूड सोडलं! आता तू..."

आणि टिवली थांबली. आता तिला कळलं.

"नको आजी," टिवली म्हणाली. "तू पडू नकोस."

सालई म्हणाली, "ये बाळा, इथं बस. माझ्या पोटाला कान लाव."

कुरतुम कुरतुम. कुरतुम कुरतुम.

"ते भुंगेरे आहेत. पाऊस होता तेव्हा माझ्या अंगात चीक होता. भुंगेरा आला, की मी त्याला चिकानं ढकलायची. आता चीक नाही. मी आतून पोकळ झाले बाळा. आज नाही तर उद्या पडणारच. चुलीत जायचं की मातीत, एवढंच होतं. ते तू सोडवलंस."

"दुखेल का आजी?"

"थोडं," सालई म्हणाली. आजी खोटं बोलत नसे.

"मी थांबू इथं?"

"नको. अंड्यापाशी जा. कौसाचा हात दुखत असेल."

टिवलीनं चोचीनं आजीची साल सारखी केली. मग ती गेली. सारखी मागे बघत गेली.

संध्याकाळी वारा आला. फर फर, फर फर. कर्र कर्र, कर्र कर्र.

धप्प!

टिवलीनं पंखात डोकं खुपसलं. चिविट नाही. शेवंतासुद्धा रडली नाही.

पुढे काय झालं?

कौसानं लाकूड सोडलं. कोयता घरी राहिला.
सालई खाली पडली.
वाळवी आली, सुळ सुळ सुळ. मऊ मऊ लाकूड खाल्लं. वाळवीनं माती खणली. खोल खोल खणली. खालची गार माती तोंडात धरून वर आणली.
आळंबीचा दोरा भोकात शिरला. आळंबीनं ओल आणली. थेंब थेंब, थेंब थेंब.
मुळीनं पाणी ओढलं. चुळुक चुळुक, चुळुक चुळुक.
हिवरानं पान धरलं. एक पान. मग दुसरं पान. मग फांदीभर पानं!

हे सगळं एका दिवसात होतं का? नाही हो. वेळ लागला. तोवर टिवली पंख पसरून अंड्यावर बसायची. तिला भूक लागली, की कौसा यायची आणि हात धरायची. मग टिवली पटकन खाऊन यायची. पुन्हा टिवली. पुन्हा कौसा. दोघी अगदी थकून गेल्या. एकीनंही कुरकुर केली नाही.

आणि एके सकाळी पानांच्या सावलीत आवाज आला. टुक टुक. टुक टुक. फट्!

आतून आलं पिल्लू. गुलाबी गुलाबी. डोळे मिटलेलं. तोंड उघडलेलं. केवढं तोंड! सगळं पिल्लू म्हणजे तोंडच! टिवली हसली, आणि हसता हसता रडली. मोठ्यांचं असं होतं कधी कधी.

सालई जिथं उभी होती तिथं आता ऊन पडतं. त्या उन्हात एक रोप उगवलं. टिवली धावत पाहायला गेली. सालईचं नव्हतं ते. बोरीचं होतं. माळावर पुन्हा सालई आली नाही. टिवलीला फार वाईट वाटलं. पण तिनं बोरीला नावं ठेवली नाहीत. बोरीचा काय दोष?

आडव्या पडलेल्या खोडावर पांढऱ्या छत्र्या आल्या. बायका तिकडून जातात. मोळी बांधतात. पण त्या खोडाला वळसा घालून जातात. शेवंता आता रांगते. तीही वळसा घालते.

एक दिवस पिल्लाला पंख फुटले. पिल्लू उडालं. भुर्... आणि दमलं. एवढुसे पंख! कुठे बसणार? खाली आडवं खोड होतं. पिल्लू खोडावर बसलं. पाय आपटले. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चोच मारली. टोक टोक, टोक टोक.

"आई, आई, हे काय आहे? मऊ मऊ आहे!"

टिवली त्याच्याजवळ येऊन बसली. अगदी हलकेच बसली.

"हळू नाच, बाळा," ती म्हणाली. "ही आपली आजी आहे."