हैबतीची रास

सावरखिंडीच्या जुन्या घाटात, ऐन मधल्या वळणावर, दरीच्या अंगाला एक मोकळी जागा आहे. तिथं बघण्यासारखं काहीही नाही. तरी जुने ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतात. त्या जागेला ‘हैबतीची रास’ म्हणतात, आणि नवखा माणूस रास शोधत बावळटासारखा चौफेर बघत राहतो.

खाली चौपदरी रस्ता झाला आणि या घाटाची रया गेली. खानावळी बसल्या, पाणपोईचं छप्पर उडालं, मैलाचे दगड गवतात गडप झाले. खिंडीच्या तोंडाशी बयाजी घोरपड्यांचं चहाचं दुकान तेवढं उरलं, आणि म्हाताऱ्याची जीभ. मागे पुण्याची काही मंडळी जीप घेऊन हा रस्ता बघायला आली, तेव्हा बयाजी त्यांच्याबरोबर वळणापर्यंत उतरले. जीप परत चढाकडे तोंड करून उभी केली, आणि ड्रायव्हर जनार्दननं सवयीनं मागच्या चाकाखाली दगड सारला. बयाजींनी ते पाहिलं. खाली बसले आणि गोष्टच सांगायला लागले.

एस.टी. यायच्या आधीची गोष्ट, म्हणे. हैबती शेडगे नावाचा गडी गुळाची लॉरी चालवायचा. हात असा सफाईचा की चढावर भरलेला पेला ठेवला तर थेंब सांडू नये, असं सांगतात; यातलं निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही. आईबाप लहानपणीच गेलेले. अनशी ही एकच धाकटी बहीण, तिला त्यानंच वाढवलं, त्यानंच उजवलं. लग्नानंतरची तिची पहिली भाऊबीज होती. ती सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या खाजगी प्रवासी गाडीनं, याच चढानं येऊन खिंडीत उतरणार आणि तिथून हैबती तिला लॉरीत बसवून घरी नेणार, असं ठरलेलं.

त्याच दिवशी नेमकी लॉरी या वळणावर बंद पडली. गाडीत तो एकटाच. लॉरी मागं सरकायला लागली तशी त्यानं उडी टाकली आणि हाताशी आला तो दगड चाकाखाली घातला. दरीच्या कडेला चुना लावलेल्या दगडांची ओळ असायची, त्यातलाच एक होता तो. इंजिन दुरुस्त झालं. आता चढावर चालू झालेली गाडी पुन्हा थांबवायची नाही, हा तेव्हाच्या ड्रायव्हरांचा नेम. दगड उचलायला खाली उतरणार कोण? आणि पोर खिंडीत उन्हात ताटकळत बसेल, हा घोर वेगळाच. हैबती तसाच निघाला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

खिंडीत पोचला तर मोटार आलेली नव्हती. बरं झालं, आपण वेळेत आलो, म्हणून त्याला हायसं वाटलं. बहिणीसाठी घेतलेलं लुगडं मांडीवर ठेवून तो वाट बघत बसला. मोटार आलीच नाही. खालून एक धनगर धावत आला.

हैबती वळणावर पोचला तेव्हा लोक दरीत उतरत होते. मोटारीचं पुढचं चाक दगडावर चढलं, चालकाच्या हातचं सुकाणू फिरलं, आणि मोटार कडेला गेली. कडेला बाकी सगळीकडे दगड होते. जिथून हैबतीनं उपसला, तेवढ्याच फटीतून ती खाली गेली होती. अनशीला वर आणलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

हैबती रडला नाही. त्याचे डोळे त्या दगडावर खिळले होते. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला त्याच्याच टायरचा काळा वळ.

“ह्यो माझा दगड हाय,” तो म्हणाला.

“दुःखानं येड लागलं बिचाऱ्याला,” म्हणत कुणीतरी त्याला धरलं.

“येड न्हाई लागलं. म्या ठेवला. म्याच ठेवला.”

त्याला धरलेला हात आपोआप सुटला, असं सांगतात.

त्यानं लॉरी सोडली आणि या वळणावर खोपट घातलं. तो दगड रस्त्याबाहेर, कडेच्या मोकळ्या जागेत ओढला, आणि रस्त्यात सापडेल तो प्रत्येक दगड त्यावर रचला. पुढे ड्रायव्हरांनीच पायंडा पाडला, की चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलायचा आणि हैबतीच्या राशीवर ठेवायचा. हैबती गेला, तरी रास वाढत राहिली, लॉरीच्या टपाच्या वर गेली.

“मग ती गेली कुठं, आजोबा?” मंडळींतल्या एका बाईंनी विचारलं.

बयाजी उठून कडेशी गेले.

“खालच्या रस्त्याला खडी कमी पडली, बाई. ठेकेदाराचं यंत्र आलं आन् दुपारच्या आत समदी रास भरून नेली. बुडाचा चुन्याचा दगडबी. म्या बघत हुतो. तोंडच उघडंना माझं.” त्यांनी हातानं खालचा चौपदरी रस्ता दाखवला. “अनशीचा दगड त्येच्यात हाय. जल्मभर त्यानं रस्त्याच्या बाहेर ठिवला, आन् ह्यांनी त्येचाच रस्ता केला.”

बाईंचा हात तोंडावर गेला. खालून गाड्यांचा घोंघाट येत होता. मंडळी जीपमध्ये बसली. जनार्दननं इंजिन चालू केलं आणि जीप चढाला लागली.

थोडं वर जाऊन ती करकचून थांबली. जनार्दन पाय रोवून ब्रेक दाबून बसला होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कुणी काही सांगायच्या आत त्या बाई उतरल्या, मागं पळत गेल्या आणि चाकाखालचा, रस्त्यातच राहिलेला तो दगड दोन्ही हातांनी उचलला. बयाजींनी मोकळ्या जागेकडे नुसती मान हलवली. बाईंनी तो तिथं ठेवला.

आजही त्या जागेवर बघण्यासारखं काही नाही. गवतात चारदोन दगड आहेत, एवढंच.