तुळाजीची श्वानपरीक्षा

ज्यांच्या चरणांशी चार श्वान निर्धास्त विसावतात, त्या श्रीदत्तगुरूंना साष्टांग नमस्कार असो. आता कथा ऐकावी.

एका गावात एक भोळा माळी होता. नाव तुळाजी. वानरे त्याची केळी फस्त करीत, म्हणून त्याला राखणीला कुत्रा हवा होता. पण कुत्रा जवळ आला की त्याची बायको गोजरा शिंकून शिंकून बेजार होई. तिने बजावले, "कुत्रा आणाल, तर मी माहेरी जाईन." तुळाजीला कुत्राही हवा होता आणि गोजराही.

तो वैद्यबुवांकडे गेला.

"हे वावडं आहे," वैद्यबुवा म्हणाले. "पण सगळी कुत्री सारखी नसतात. एकामुळे शिंका येतात, दुसऱ्यामुळे येत नाहीत. आणण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसून पाहावं."

तुळाजी धनगरवाड्यावर गेला. काळ्या कुत्र्याजवळ स्वतःच घटकाभर बसला. शिंक आली नाही. कुत्रा घरी आणला. गोजरा अशी शिंकली, की देव्हाऱ्यातली समई विझली.

"अरे भल्या माणसा, कुत्र्याचा ज्याला त्रास, त्याला बसवायचं!" वैद्यबुवा म्हणाले.

"आत्ता कळलं," तुळाजी म्हणाला.

कुत्र्याचा सर्वांत जास्त त्रास मांजराला. त्याने काळा परत करून पांढरा कुत्रा निवडला आणि त्याच्यापुढे मांजर बसवले. मांजर शिंकले नाही. तुळाजीचे नाक मात्र ओरबाडले गेले.

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. "मांजर नव्हे रे, गोजराबाई! दोघांना समोरासमोर बसव. शिंका आल्या, तर ज्याच्यामुळे आल्या त्याला त्याच्या मूळ घरी पोचव, आणि दुसरा बघ."

"आत्ता कळलं!"

या खेपेस कुत्रा तांबडा होता. गोजरा पूजा आटोपून, हातातल्या धुपाटण्यासह अंगणात येऊन बसली. घटका गेली. गोजराला एकही शिंक आली नाही! "देवच पावला हो," ती म्हणाली. इतक्यात धूर कुत्र्याच्या नाकात गेला आणि कुत्रा सटासट शिंकू लागला.

तुळाजीने निमूटपणे बैलगाडी जुंपली. गोजराला वाटले, आनंदाची बातमी सांगायला माहेरी नेत आहेत. कुत्राही गाडीत बसला.

सासरे दारात आले. "या जावईबापू! आज अचानक?"

"मामा, ही परत घ्या," तुळाजी डोळे पुसत म्हणाला. "हिच्यामुळे कुत्र्याला शिंका येतात. पण सगळी माणसं सारखी नसतात म्हणे. घरात दुसरी कुणी असेल, तर दाखवा. आधी कुत्र्याजवळ घटकाभर बसवून बघतो."

सासऱ्यांनी हसत हसत तिघांनाही जेवू घातले आणि त्याच गाडीतून परत पाठवले.

तसेच, श्रोतेहो, तुमच्या घरोघरी माणसे आणि मुकी जनावरे एका छपराखाली सुखाने नांदोत, आणि कोणाला कोणाचे वावडे न उरो.