काळ्या पंजाची कणगी

पाय आत घ्या बघू आधी. उलके, सतूची वाकळ ओढू नकोस. आजची गोष्ट रडकी आहे, आधीच सांगते. मग मध्येच उठून आईकडे पळायचं नाही.

एक होता राजा. चांगला नव्हता हो, मुळीच नव्हता. पण एका गोष्टीची त्याला भारी घमेंड. तो तोंडानं कधी खोटं बोलत नसे. दिलेला शब्द मोडत नसे. वाईट माणसं अशीही असतात बरं का, खरं बोलून गळा कापणारी.

तर एका वर्षी काय झालं, राजानं गावोगावचं सगळं भात उचलून नेलं. खायचं नेलं आणि पेरायचंही नेलं. बियाणंच नाही तर पेरणार काय? आधी म्हातारी माणसं गेली. मग तान्ही बाळं गेली. मग लोक राजाच्या दारात जाऊन उभे राहिले.

राजा म्हणाला, "देतो की! ओळखा आणि न्या."

त्याच्या अंगणात तीन कणग्या होत्या. कणगी कळते ना? बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच. आत भात साठवायचं. तर एकीत होतं बियाणं. दुसरीत होतं उकडं भात. उकडून वाळवलेलं भात खायला चांगलं, पण पेराल तर कोंब येत नाही. आणि तिसरीत दोन्ही मिसळलेलं. वरून बघून काही कळायचं नाही. दाणा दाताखाली धरायचा, तरच कळणार. बियाण्याचा दाणा फुटतो आणि त्याचं पीठ होतं. उकडा असला तर खड्यासारखा कडक लागतो.

आता त्या मुलखात एक रिवाज होता. घरच्या बाईनं कणगी लिंपली की तिच्यावर पंजा उठवायचा. बियाण्याला चुन्याचा पांढरा पंजा. उकड्याला काजळीचा काळा. मिसळीला दोन्ही. राजाच्या कणग्यांवरही पंजे होते.

राजा म्हणायचा, "हे पंजे मी मुद्दाम चुकीचे उठवलेत. एकही खरा नाही. कुठल्याही एका कणगीतून एकच दाणा काढा, आणि तिन्हींत काय आहे ते सांगा. बरोबर आलं तर तिन्ही कणग्या तुमच्या आणि वर एक मागणं. चुकलात तर ते बघा."

अंगणाच्या कडेला कणग्यांची रांग होती. चुकलेल्या माणसाला त्यातल्या रिकाम्या कणगीत घालायचे, वर झाकण ठेवायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. जिवंत माणूस बरं का.

सतू, डोळे मीट. मिटूनही ऐकू येतं.

मग एका गावातून दाजी नावाचा शेतकरी आला. बायको भुकेनं गेलेली. घरी मुलगा भिवा आणि धाकटी लेक आवडी. दाजीनं पांढऱ्या पंजाच्या कणगीतून दाणा काढला आणि दाताखाली धरला. फुटला! दाजी म्हणाला, "हेच बियाणं. पंजाही पांढराच आहे." आता राजानं स्पष्ट सांगितलं होतं ना, पंजे खोटे म्हणून? पण दाजीच्या मनात ते शिरेचना. त्याच्या आईनं, आजीनं कधी खोटा पंजा उठवला नव्हता. कणगीशी कुणी खोटं वागतं होय? ती निघाली मिसळीची. दाजीला नेलं.

मग किती दिवस वाट बघून भिवा आला. बाप का परतला नाही ते त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायला परत कोण आलं होतं? भिवानंही पांढऱ्या पंजातूनच दाणा काढला. त्याचा लागला कडक. मग ती उकड्याची की मिसळीची? एका दाण्यावरून काय कळणार? भिवा घाबरला. उकड्याची म्हणाला. त्यालाही नेलं.

मग त्याच संध्याकाळी आवडी आली. रांगेतल्या शेवटच्या कणगीची माती अजून ओली होती. आतून कुणीतरी ठोकत होतं. हळूहळू, दमून.

"दादा?" आवडीनं विचारलं.

ठोकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. पहारेकरी खाली बघत म्हणाला, "ओळखायचं तर लवकर ओळख, बाय. फार वेळ नाही टिकत माणूस."

आवडीला रडू फुटलं. मोठ्यानं रडली ती. मग पदरानं तोंड पुसून कणग्यांसमोर बसली. पांढऱ्या पंजाकडे गेलीच नाही. दोन्ही पंजांच्या कणगीत हात घातला, एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. कडक!

राजा हसला. "मग?"

"राजेसाहेब, पंजे तिन्ही खोटे, हा तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

"मग हिच्यावर मिसळीचे पंजे आहेत, म्हणजे ही मिसळीची नाही. हिच्यात एकच जात आहे. दाणा उकडा निघाला, म्हणजे ही सगळी उकड्याची." मग ती पांढऱ्या पंजाकडे वळली. "ही बियाण्याची नाही, पंजा खोटा आहे. उकडं तर सापडलं. म्हणजे ही मिसळीची. आणि राहिली काळ्या पंजाची. तिच्यात बियाणं."

राजाचं हसू मावळलं. पण शब्द तो शब्द! म्हणाला, "माग."

"त्या रांगेतल्या सगळ्या कणग्या उघडा."

पहारेकरी धावले. भिवा निघाला. काळानिळा पडलेला, पण श्वास चालू होता. आवडीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग बाकीच्या उघडल्या. त्यांत पहारेकऱ्यांचीही माणसं होती रे, कुणाचा मामा, कुणाचा भाऊ. आजवर झाकण काढून बघायचं धैर्य कुणाला झालं नव्हतं. पहारेकऱ्यांनी भाले तिथेच टाकले. आवडीनं दिलेलं ओंजळभर बियाणं घेतलं आणि घरी निघून गेले.

आवडीनं बियाणं गावोगाव वाटलं. पीक येईपर्यंत उकडं खायला दिलं. मिसळीची कणगी राजाला ठेवली. आता राजाकडे ना माणूस, ना बियाणं. बसला एकटाच दाणे निवडत. पण दाणा चावल्याशिवाय कळत नाही, आणि चावलेला दाणा उगवत नाही. चावून चावून त्याचे दात पडले. पेरायला मूठभरसुद्धा उरलं नाही.

काय गं उलके? दाजी ना? नाही, तो नाही उठला. त्याच्या कणगीचं तोंड आवडीनं पुन्हा लिंपलं, स्वतःच्या हातांनी. भिवा काजळी घेऊन आला, यातून आता काही उगवायचं नाही म्हणून. आवडी म्हणाली, "नको दादा, चुना आण." आणि तिनं बापाच्या कणगीवर पांढरा पंजा उठवला. जन्मात तिनं एवढा एकच पंजा खोटा उठवला.

मग पाऊस आला, भात उगवलं, पोटं भरली, भिवाचं लग्न झालं, आवडीचंही झालं, आणि सगळी सुखानं राहिली. रडू नको रे सतू. ये, असा माझ्या कुशीत ये. झोपा आता.