भुकेल्या भुईची कहाणी

ऐका भुईमाते, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या पाठीला एक वाडी होती. वाडीत कुणब्याची सून होती, तिचं नाव येसू. तिची सासू दर माघात शेताला जेवू घाली. आधी शेणखत, मग पालापाचोळा, वर काडाचं पांघरूण. शिमगा सरला की तीळ पेरी. मरताना म्हणाली, "सूनबाई, भुईला उपाशी ठेवू नकोस, उघडी ठेवू नकोस."

माघ आला. येसूला आळस आला. तिनं पाला, काड, धसकटं एका ढिगात लोटली आणि पेटवून दिली.

शेजारीण अंबू कुंपणावरून डोकावली. "काय गं, सासूचं ताट जाळलंस?"

"मावशी, राखही खतच की."

"राख चाटून कुणाचं पोट भरलंय, बाई?"

येसूनं नाक मुरडलं.

शिमगा सरला, तीळ पेरले. मग काय झालं? पहिल्या दिवशी उकरून पाहिलं, दाणा सापडेना. दुसऱ्या दिवशी बैल शेतातून चालला, मागं खूर उमटेना. तिसऱ्या दिवशी येसूनं रांगतं लेकरू बांधावर ठेवलं. उन्हं कलली. बाभळीची सावली पडली, येसूची पडली, लेकराची पडेना. लेकरू रडेना, हसेना, नुसतं भुईकडे टक लावून बसलं.

मग मातीखालून सासूचा आवाज आला, "सूनबाई, भूक लागली."

येसूनं लेकरू उराशी धरलं. "आत्याबाई, काय खाल?"

"वाढशील ते. न वाढशील तर दिसेल ते."

येसू लेकरू घेऊन अंबूकडे धावली. "मावशी, वसा सांगा."

"उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतून झालं, मातून झालं. आता टाकणार नाही."

"मग सकाळी शेणखताची पाटी न्यावी, पाला पसरावा, काडानं भुई झाकावी. येताना मागं पाहू नये." आणि अंबूनं आपल्याच उकिरड्यातली पहिली पाटी भरून दिली.

येसूनं एक पाटी घातली, माती गार झाली. दुसरी घातली, गांडुळं वर आली. तिसरी घालून परतली, तर मागं कुणी रांगत येतंय. लेकरू तर कडेवर होतं. येसूनं मागं पाहिलं नाही. अंगणात आली, लेकराला खाली ठेवलं, तशी सावली येऊन त्याच्या पायाशी बसली. लेकरू खुदकन हसलं. सावलीच्या गुडघ्यांना ओली माती होती.

येसूनं तीळ पुन्हा पेरले, कमरेएवढे झाले. पहिली ओंजळ अंबूच्या पदरात घातली. वसा जन्मभर टाकला नाही.

येसूला भुई निवली, तशी तुम्हां-आम्हां निवो. ज्याची सावली त्याच्या पायाशी राहो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरांत पेरली, सुफळ उगवली, संपूर्ण झाली.